नानीची उमर, शार्कचा डोळा आणि दगडावरचा नकाशा

आमच्या नानीची खरी उमर घरात कुणालाच नक्की ठाऊक नाही. तिच्या ओळखपत्रावर १ जानेवारी १९४५ अशी जन्मतारीख आहे, पण ती अर्ज भरणाऱ्याने सोयीने टाकलेली. आमच्या गावात नानीच्या वयाच्या निम्म्या बायका १ जानेवारीलाच जन्मल्या आहेत! नानीला विचारले तर ती तारीख सांगत नाही. ती म्हणते, "रामदास बोट बुडाली ना, तेव्हा माझे पुढचे दोन दात पडलेले होते. रडणाऱ्या बायकांकडे बघून मी तोंडावर हात धरून उभी होते."

रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ रोजी, मुंबईहून रेवसला येताना. सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचे सगळे हिशोब या बोटीपाशी येऊन थांबतात. अमक्याचे लग्न बोटीच्या आधी, तमक्याचा जन्म बोटीच्या नंतर. दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. म्हणजे नानीचा जन्म १९४०-४१च्या सुमाराचा. कागदापेक्षा ती चार-पाच वर्षांनी मोठी आहे.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे माझी भाची. ती नववीत शिकते. परवा मोबाइल घेऊन धावत आली. "खाला, हे बघा, चारशे वर्षांचा शार्क! याचा जन्मदाखला कुणी काढला?"

नानी सुपात मसाल्याचे दगडफूल निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्यालाही कुणीतरी विचारलं असेल, कुठली बोट बुडाली तेव्हा तू केवढा होतास म्हणून."

आम्ही सगळे हसलो. पण नंतर मी वाचायला बसले, तेव्हा लक्षात आले की नानीने गंमतीत जे सांगितले तेच शास्त्रज्ञांनी केले होते. एवढेच नव्हे, नानीच्या सुपात जे पडले होते त्याचा एक दूरचा भाऊबंदही अशाच हिशोबात सापडला. त्या दोघांची ही हकिकत.

एकाच मुलुखातले दोन शेजारी

उत्तर ध्रुवाजवळ ग्रीनलँड नावाचे प्रचंड बेट आहे. त्याचा बहुतेक भाग बर्फाखाली असतो. किनाऱ्यालगत मात्र उघडे खडक आहेत आणि त्यांच्या पायाशी थंडगार, खोल समुद्र. या समुद्रात राहतो ग्रीनलँड शार्क आणि वरच्या खडकांवर राहते एक पिवळसर हिरवी, वनस्पतीसारखी भासणारी गोष्ट, तिला नकाशा शैवाक म्हणतात.

शैवाक हा शब्द पुस्तकी वाटेल, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. गरम मसाल्यात आणि बिर्याणीत आपण जे दगडफूल घालतो, तेही एक शैवाकच आहे. मराठवाड्यात, हैदराबादेकडे त्याला पत्थर का फूल म्हणतात. नावात दगड आणि फूल दोन्ही असले तरी ते फूल नाही, आणि पुष्कळदा दगडावर नव्हे तर झाडाच्या सालीवर वाढते. नकाशा शैवाक हे दगडफुलाच्या लांबच्या नात्यातले. ते खाण्याचे नाही. दगडाला इतके घट्ट चिकटलेले असते की नखाने खरवडूनही निघत नाही. दगडावर कुणी रंगच सांडला आहे असे वाटते.

एक मासा, एक वनस्पतीसारखी दिसणारी गोष्ट. एक पाण्याखाली, एक उघड्या वाऱ्यात. यांची तुलना कशाला करायची? कारण दोघांचे जगण्याचे गुपित एकच आहे. दोघांनाही कसलीच घाई नाही.

नखापेक्षा सावकाश

ग्रीनलँड शार्क पाच मीटरपेक्षाही लांब होतो. उणे एक-दोन अंशांपासून ते जेमतेम दहा अंशांपर्यंतच्या थंड पाण्यात तो राहतो. समुद्रात २,२०० मीटर खोलीवरही तो दिसला आहे. तेथे सूर्याचा किरण पोहोचत नाही. त्याची पोहण्याची चाल ताशी सव्वा किलोमीटरच्या आसपास मोजली गेली. रांगणारे मूलही त्याच्या बरोबरीने जाईल. पुष्कळ शार्कच्या डोळ्याला एक लहानसा परजीवी जीव चिकटून लोंबत असतो. अशा अवस्थेतही तो मासे आणि सील खातो, मेलेली जनावरे खातो. रेनडिअरचे अवशेषही त्याच्या पोटात सापडले आहेत.

तो वाढतो किती सावकाश, याचा पहिला ठोस पुरावा एका डॅनिश संशोधकाला मिळाला. पॉल मारिनस हान्सन याने ग्रीनलँडजवळ शार्क पकडून, त्यांना खुणेच्या पट्ट्या अडकवून सोडून दिले होते. १९३६ साली खूण केलेला एक शार्क १९५२ साली पुन्हा सापडला. सोळा वर्षांत त्याची लांबी वाढली होती अवघी आठ सेंटीमीटर. म्हणजे वर्षाला अर्धा सेंटीमीटर. आपल्या हाताचे नख तेवढे वाढायला दोन महिनेही लागत नाहीत.

आता नकाशा शैवाक पाहा. थंड डोंगराळ मुलुखात त्याचा ठिपका वर्षाला ढोबळ मानाने अर्धा मिलिमीटर रुंदावतो. फार थंड आणि कोरड्या जागी त्याहूनही कमी. आपले नख एवढे आठवडाभरात वाढते. पाच रुपयांच्या नाण्याएवढा ठिपका दिसला तर तो आपल्या आईवडिलांच्या वयाचा असेल, असे समजायला हरकत नाही.

डोळ्यात जपलेली खूण

शार्कचे वय मोजणे मात्र सोपे नव्हते. इतर पुष्कळ माशांच्या कानातल्या हाडात किंवा मणक्यात झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वर्तुळे असतात. शार्कला हाडे नसतात, कुर्चा असते. ग्रीनलँड शार्कच्या मऊ मणक्यात तर मोजण्यासारखे वर्तुळच उमटत नाही.

मग कोपनहेगन विद्यापीठातल्या ज्युलियस नीलसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शार्कच्या डोळ्याकडे मोर्चा वळवला. डोळ्यातल्या भिंगाचा अगदी आतला गाभा पिल्लू आईच्या पोटात असतानाच तयार होतो आणि पुढे आयुष्यभर बदलत नाही. त्या गाभ्यात आईने खाल्लेल्या अन्नातला कार्बन कायमचा कोंडलेला असतो.

इथे नानीची बोट आली. १९५०च्या दशकात आणि १९६०च्या सुरुवातीला मोठ्या राष्ट्रांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यांतून हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला, हवेतून पाण्यात उतरला, पाण्यातून माशांत गेला. जगातल्या सगळ्या सजीवांच्या अंगावर त्या काळाची एक खूण उमटली. ज्या शार्कच्या डोळ्याच्या गाभ्यात ही खूण आहे, तो त्या चाचण्यांनंतर जन्मलेला. ज्याच्या डोळ्यात नाही, तो आधीचा. रामदासच्या आधीचा की नंतरचा, तसेच हे.

मासेमारीच्या आणि पाहणीच्या जाळ्यांत अडकून मेलेल्या २८ माद्या त्यांनी तपासल्या. सर्वांत लहान दोघींत बॉम्बची खूण स्पष्ट होती. तिसरी त्या उंबरठ्यावरची. बाकीच्या सगळ्या आधीच्या. मग लांबी आणि कार्बनचे प्रमाण यांची सांगड घालून उरलेल्यांच्या वयाचा अंदाज केला. पाच मीटर लांबीची सर्वांत मोठी मादी निघाली ३९२ वर्षांची. यात १२० वर्षे मागेपुढे होऊ शकतात, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. म्हणजे कमीत कमी २७२ वर्षे आणि जास्तीत जास्त ५१२. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत सर्वांत दीर्घायुषी म्हणून ग्रीनलँड शार्कचे नाव लागले.

३९२ वर्षे म्हणजे किती? ती मादी पिल्लू होती तेव्हा आपल्याकडे दख्खनमध्ये मलिक अंबर हयात होता. त्याने वसवलेल्या खडकी गावात, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, नहरीचे पाणी नुकतेच खेळू लागले होते. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता. अगदी कमीत कमी वय धरले तरी तिचा जन्म थोरल्या बाजीरावांच्या अखेरच्या काळातला ठरतो.

कबरीच्या दगडावरचे गणित

दगडावरच्या शैवाकाला डोळा नाही आणि त्याला पोटात वाढवणारी आईही नाही. त्याचे वय कसे काढायचे?

ऑस्ट्रियातल्या रोलंड बेशेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक साधी युक्ती सुचली. कब्रस्तानात कबरीच्या दगडावर मृत्यूचे साल कोरलेले असते. दगड बसवला तेव्हा तो स्वच्छ होता. त्यावर आज जो सर्वांत मोठा ठिपका आहे, तो त्या सालानंतरच वाढलेला असणार. वेगवेगळ्या सालांच्या दगडांवरचे ठिपके मोजले की त्या मुलुखात शैवाक किती वर्षांत किती वाढते याचा तक्ता तयार होतो. मग ज्या दगडावर साल नाही त्याचे वयही सांगता येते. १९५०च्या सुमारास त्याने ही पद्धत मांडली, आणि पुढे ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन तेथल्या खडकांवरही वापरली.

याचा उपयोग काय? हिमनदी पुढे सरकते तेव्हा दगडगोटे ढकलत आणते. ती मागे हटली की ते दगड उघडे पडतात आणि त्यावर शैवाक धरू लागते. ठिपका मोजला की बर्फाने ती जागा कधी सोडली ते कळते. शार्कचे वय माणसाने शोधून काढले, शैवाक मात्र स्वतःच दुसऱ्याचे वय सांगणारी मोजपट्टी झाले. आपल्या हिमालयातही गंगोत्रीसारख्या हिमनद्यांच्या परिसरात भारतीय संशोधकांनी या शैवाकाच्या मदतीने बर्फ मागे हटल्याचा काळ काढला आहे.

या पद्धतीतही मागेपुढे होतेच. ऊन, ओल, दगडाचा प्रकार यांनी वाढ बदलते. त्यामुळे एका मुलुखाचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. तरीही ध्रुवाजवळच्या काही मोठ्या ठिपक्यांचे वय हजारो वर्षे असावे, असा अंदाज आहे. त्यांच्यापुढे शार्क म्हणजे कालचे पोर.

एकटा आणि दुकटा

दोघांत मोठा फरक आहे तो घडणीचा. शार्क एकच देह आहे. शैवाक हा दोघांचा संसार आहे. १८६७ साली स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनर याने सांगितले की शैवाक ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल यांची जोडी आहे. तेव्हाच्या पुष्कळ जाणकारांनी त्याची चेष्टा केली, पण तो बरोबर होता. बुरशी घर बांधते, ओल धरते, उन्हापासून आडोसा देते. शैवाल त्या घरात बसून सूर्यप्रकाशावर अन्न शिजवते आणि दोघांना पुरवते. नकाशा शैवाकात ठिपक्यांच्या कडेला जी काळी रेघ दिसते, ती बुरशीची. शेजारशेजारचे ठिपके वाढत एकमेकांना भिडले की पिवळ्या प्रांतांच्या काळ्या सरहद्दी आखल्यासारखे दिसते. म्हणून त्याला नकाशाचे नाव मिळाले.

शार्क भुकेला की शिकार शोधतो. शैवाक कुठे जाणार? पाणी मिळाले नाही तर ते सुकून निपचित पडते. ओल आली की पुन्हा कामाला लागते. ही सहनशक्ती किती आहे, ते २००५ साली पाहिले गेले. युरोपीय अंतराळ संस्थेने एका रशियन यानातून नकाशा शैवाक अवकाशात पाठवले आणि सुमारे पंधरा दिवस उघडे ठेवले. हवा नाही, पाणी नाही, वर सूर्याचे अतिनील किरण. परत आणून ओलावा दिला, तर ते पूर्वीसारखे अन्न तयार करू लागले.

शार्कने जगण्यासाठी थंडी आणि अंधार निवडला, शैवाकाने उघडा दगड. जिथे दुसऱ्या कुणाची चढाओढ नाही, तिथे दोघांनी घर केले. कमी खर्चात राहायचे, थोडे वाढायचे आणि टिकून राहायचे. आपल्या घरातली जुनी माणसे याला सब्र म्हणतात.

सब्राला घाई भेटते तेव्हा

पण सब्राची एक बाजू नाजूक असते. सावकाश वाढणाऱ्याचे नुकसान झाले की ते भरूनही सावकाशच येते.

त्याच अभ्यासातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा ३९२ नव्हता. तो होता १५६. ग्रीनलँड शार्कची मादी पिल्ले देण्याच्या वयात येते ती सुमारे दीडशे वर्षांनी, चार मीटर लांब झाल्यावर. १८५७च्या बंडानंतर जन्मलेली मादी आत्ता कुठे आई होण्याच्या वयाला पोहोचली आहे! तिला जाळ्यात गमावले तर तिची जागा घ्यायला आज जन्मलेल्या पिल्लाला बाविसावे शतक संपत यावे लागेल.

एके काळी यांच्या यकृताच्या तेलासाठी मोठी शिकार झाली. दिव्यांना आणि यंत्रांना ते तेल लागे. मांस ताजे खाल्ले तर विषारी असते. आपल्याकडे मुशी करताना जो उग्र वास येतो, तो शार्कच्या अंगातल्या युरियापासून होणाऱ्या अमोनियाचा, म्हणून आपण ती नीट धुऊन, हळद-कोकम लावून करतो. ग्रीनलँड शार्कच्या मांसात युरियाबरोबर आणखी एक द्रव्य भरपूर असते, आणि त्याचे विष असे धुऊन जात नाही. आइसलँडचे लोक ते मांस कित्येक आठवडे आंबवून, मग काही महिने टांगून वाळवतात आणि मगच खातात. तेलाची मागणी गेली, पण दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत शार्क अडकतच राहिले. २०२० साली ही जात संकटाच्या वाटेवर असल्याची नोंद झाली. २०२२ साली वायव्य अटलांटिकच्या आंतरराष्ट्रीय पाण्यात सापडलेला ग्रीनलँड शार्क ठेवून घेण्यास बंदी आली. वय कळले म्हणून हे झाले. वय कळले नसते तर तो निव्वळ एक मोठा, आळशी, बिनकामाचा मासा राहिला असता.

शैवाकाचेही तसेच. दगड फोडला, खरवडला किंवा त्यावर नाव रंगवले तर शेकडो वर्षांची नोंद एका दुपारी पुसली जाते. आणि आपले मसाल्याचे दगडफूल? तेही शेतात पेरून येत नाही. हिमालयातल्या आणि सह्याद्रीतल्या जंगलांतून झाडांवरून ओरबाडून आणले जाते. ते नकाशा शैवाकाइतके मंद नसले तरी कोथिंबिरीसारखे महिनाभरात पुन्हा उगवत नाही.

हे सगळे मी नानीला सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग सुपातले दगडफूल पुन्हा एकदा पाखडले, झाडाच्या सालीचे तुकडे वेगळे काढले आणि उरलेल्यातला चिमूटभर मसाल्यात टाकून बाकीचे बरणीत भरले. "आम्ही आधीपासून चिमूटभरच घालतो," ती म्हणाली. "जास्त घातलं तर कडू होतं."

भाचीने मात्र त्या रात्री एक काम केले. जुन्या वहीच्या पहिल्या पानावर नानीचे नाव लिहिले आणि खाली एकेक करून लिहीत गेली. रामदास बोट, पुढचे दात. पहिली इयत्ता, शाळा गावातल्या ओटीवर. निकाहाच्या वर्षी आलेले वादळ. गावात वीज आली तेव्हा मांडीवर असलेली मुलगी, म्हणजे माझी अम्मी. लिहिता लिहिता वहीचे दीड पान भरले.

वाचकहो, तुमच्या घरातही १ जानेवारीला जन्मलेले कुणीतरी असेल. ग्रीनलँडच्या शार्कची उमर शोधायला त्याचा डोळा उघडून पाहावा लागला, तोही तो मेल्यावर. आपल्या माणसाला नुसते विचारले तरी पुरते. मात्र विचारायचे ते आत्ता, ती समोर बसून दगडफूल निवडत असताना.